घोडे सांभाळणारी

लॉन्सेस्टन, ११ मे

ब्रायडी,

आईचे अंत्यविधी आटोपल्यावर गाडीत बसता बसता तू म्हणालीस, फोन करत जाऊ नकोस, काय असेल ते लिहून पाठव. म्हणून हे पत्र. तू वाचशील की नाही कोण जाणे. टॅम म्हणते, वाचशील.

तुझी लेक टॅम बरी आहे. चांगली उंच झाली आहे. थंडी पडली तरी शाळेत बिनमोज्यांनी जाते, अगदी तुझ्यासारखी. डिसेंबरात शाळेचं वर्ष संपलं की तुझ्याकडे कराथाला जायचं की इथे माझ्यापाशीच राहायचं, हे तिचं तिनेच ठरवायचं असं आपलं ठरलं आहे. मी शब्द पाळते आहे. चकार शब्दाने तिला काही सुचवत नाही.

गेल्या शनिवारी आईचं गॅरेज आवरलं. जुना फ्रीज न्यायला आपल्या खेळातला गॅव्ह आला होता. त्याला आता टक्कल पडलंय आणि वाकताना तो कण्हतो. फ्रीजच्या मागे बाबांनी आणलेला तो पिवळट कॉम्प्युटर निघाला आणि बुटांच्या खोक्यात फ्लॉपी डिस्का. वाटलं, आता काय चालणार हा. पण गॅव्हने तारा खरवडल्या, टॅमने बटण दाबलं, आणि तो खाकरत खाकरत सुरू झाला. तळघरांचा तो खेळ आठवतो? हिरवी अक्षरं, हिरवी भुतं? खेळाडूंच्या यादीत तुझं नाव अजून आहे. तिसऱ्या तळघराच्या दारात तू जिथे खेळ सोडलास, तिथेच तो थांबलेला होता.

टॅम तिथून पुढे खेळायला लागली. मी जेवायला हाक मारली तर मला म्हणते, "थांब ना केझ, आधी आईला बाहेर काढते."

मी भांडी विसळायला गेले.

मग त्याच खोक्याच्या तळाशी आपले कागद सापडले. तिघांची तीन पात्रं, वीस बाजूंचे फासे, आणि नाश्त्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा, माझे फासे झाकायचा आडोसा. गॅव्हने डोळ्यांपासून लांब धरून तुझा कागद वाचला आणि खाली बसला.

"आई गं. नेटल! ही बया जिवंत आहे अजून?"

"जिवंतच असणार," मी म्हटलं. "घोडे सांभाळतेय ना."

"कसले घोडे?" टॅमने विचारलं.

गॅव्हने तिला समजावलं. "हे बघ, खेळ तोंडीच चालायचा. तुझी मावशी सूत्रधार, ती गोष्ट सांगणार, मी, डिमी आणि तुझी आई त्या गोष्टीतली माणसं. तुझी आई चोर. नाव नेटल, त्या झुडपासारखं, हात लावाल तर आग होईल असं. आणि आमचा एक कायदा होता. जो खेळायला आला नाही, त्याचं माणूस बाहेर घोडे सांभाळत थांबतं. घोडे सांभाळणाऱ्याला कुणी मारायचं नाही."

"मग आई कधीपासून थांबलीय?"

"तुझ्याएवढी होती तेव्हापासून. एका रविवारी आलीच नाही."

टॅमने कागद हातात घेतला. तुझं ते तिरकं अक्षर तिने बराच वेळ पाहिलं.

"बिचारे घोडे," ती म्हणाली.

केरिन


२२ जून

ब्रायडी,

तुझं कार्ड पोचलं. दोन ओळी का होईना, लिहिलंस. नेटल टॅमला खेळू दे, मला आवडेल, असं तू लिहिलंस ते मी तिला दाखवलं. ते कार्ड तिने आरशात खोचलंय.

तर खेळ पुन्हा सुरू झाला. तुला हसू येईल. पूर्वी आपण शाळा सुटली की गॅरेजात पळायचो. आता चौघांना एकत्र आणायचं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं आहे. गॅव्हला कुणाची ना कुणाची तुंबलेली मोरी उपसायची असते. डिमीची सासू तिच्याकडेच असते आता. आणि मी वृद्धाश्रमात सगळ्यांच्या पाळ्या लावते, तर माझीच पाळी मला सापडत नाही. शेवटी रविवारी दुपारी तीनची वेळ जमली. तू टॅमला रविवारी तीनलाच फोन करतेस हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता ती खेळाच्या मधल्या सुट्टीत तुझ्याशी बोलते ना? पाच-दहा मिनिटं पुरतात म्हणाली.

पहिल्या दिवशी अर्धा तास चष्मे शोधण्यात गेला. डिमीने पालक भरलेली पाई आणली होती, गॅव्हने नेहमीसारख्या दुकानातल्या गोठवलेल्या छोट्या पाई. त्याने फासा हातात घेतला आणि म्हणाला, "यावर आकडे होते ना गं? की मीच आंधळा झालो?" डिमी म्हणाली, "दोन्ही."

खूप वर्षांनी इतकं हसले मी. कामावरून आले की पाय सुजलेले असतात, डोक्यात कुणी तक्रार केली, कोण रजेवर गेलं, हेच. आडोसा उभा केला आणि "तुम्ही तिघं एका ओल्या रस्त्याने चालला आहात" असं म्हटलं, तसं ते सगळं कुठे गेलं कळलं नाही. माझा आवाजही बदलतो, टॅम म्हणते.

टॅमने नेटलचा कागद पुढे ठेवला तेव्हा गॅव्ह म्हणाला, "आता ही घोड्यांपाशी नाही बरं का. आत आली."

"म्हणजे?"

"म्हणजे आता मरू शकते."

टॅमने माझ्याकडे पाहिलं. मी हसले.

दुसऱ्या डावात तिने तोच प्रश्न विचारला, जो तू तिच्या वयाची असताना विचारायचीस. "सगळे आपापले फासे समोर टाकतात, मग नेटलचा फासा आडोशामागे तू का टाकतेस?" मी तिला नियम सांगितला. चोर कुलूप उघडतो, दबकत जातो, तेव्हा आपल्याला जमलं की नाही हे चोरालाच कळता कामा नये. म्हणून चोराचे फासे सूत्रधाराने टाकायचे, आणि फक्त सूत्रधाराने बघायचे.

"आणि तू खोटं सांगितलंस तर?"

"फासा खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

"आई म्हणते, तिला कायम चांगलंच पडायचं."

"हो," मी म्हटलं. "कायम."

केरिन


१७ ऑगस्ट

ब्रायडी,

तू टॅमला पाठवलेलं पुडकं मिळालं. तुझा हिरवा फासा इतकी वर्षं जपून ठेवला होतास, मला माहीत नव्हतं. घर गेलं, गाडी गेली, फासा राहिला. आता नेटलसाठी हाच टाकायचा असा टॅमचा हुकूम आहे. नशिबाचा आहे म्हणाली.

तू तिच्या खोलीसाठी पलंग घेतलास, खाली कप्पे असलेला, हेही तिने सांगितलं. खोकी अजून उघडली नाहीस, ती आल्यावर दोघी मिळून जोडणार. छान आहे कल्पना. तू आता जुगाराच्या मशीनला शिवत नाहीस, याचा मला आनंदच आहे. तुमच्या तिकडच्या पबांत ती मशीनंच नसतात म्हणे. बरं झालं, असं गाव निवडलंस. माणसाने स्वतःची परीक्षा उगाच कशाला पाहावी.

तुझी लेक नेटलला कशी खेळते ते तू बघायला हवं होतंस. तू नेटल म्हणून काय करायचीस? थैली उचलायची आणि पळायचं. गॅव्ह मागे बोंबलत राहायचा. टॅमची नेटल पळत नाही. जखमी माणूस दिसला की थांबते. लुटलेला माल वाटून टाकते. गॅव्ह वैतागतो, "अगं पोरी, चोर आहेस ना तू? की नर्स?" टॅम म्हणते, "आधी होती तशी. आता सुधारली आहे."

डिमीने सगळ्यांना चहा ओतला.

त्या रविवारी मी गोष्ट पुढे नेली. पाऊस, संध्याकाळ, रस्त्याकडेला एक सराय. आत दिवे, गाणी, पैजा लावणारे लोक. बाहेर एक छकडा उभा. छकड्यात एक लहान मुलगी बसलेली, काचेवर... नाही, छकड्याला काच कुठली, माझीच चूक झाली. मुलगी बसलेली, एवढंच. आई आत गेलीय, येईलच आत्ता, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय.

टॅमच्या हातातली पाई तशीच राहिली.

मी काही मुद्दाम केलं नाही. गोष्ट कुठून सुचते हे कुणाला सांगता येतं? टॅमला ते पबाबाहेरच्या गाडीतलं फारसं आठवत नसेल असं मी धरून चालले होते. नऊ वर्षांची होती. पोलिसांचा फोन आल्यावर मी पोचले तेव्हा ती पाठच्या सीटवर माझाच जुना कोट पांघरून बसली होती आणि मला म्हणाली, आईला रागावू नकोस, ती जिंकत होती.

स्वयंपाकघरात डिमीने मला गाठलं. "केझ, हे काय चाललंय?"

"खेळ."

"खेळच असू दे," ती म्हणाली.

बाहेर आलो तर टॅम म्हणाली, "नेटल त्या छकड्यापाशी जाते. तिला म्हणते, मी इथेच थांबते तुझ्यासोबत."

गुणी पोर आहे. तुझ्यावर गेली नाही.

केरिन


५ ऑक्टोबर

ब्रायडी,

तुझं पत्र वाचलं. इतकं लांब पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नव्हतंस. मी तुझ्या लेकीचे कान भरते, तिच्या जखमेवर बोट ठेवते, खेळाच्या आडून सूड घेते, असं बरंच काही आहे त्यात. मी दोनदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं. तू रागात लिहिलंस, मी रागावणार नाही. सहा वर्षं तिच्या डब्यात काय घालायचं, दातांच्या तारा कधी घट्ट करायच्या, हे मीच पाहिलं. रागवायला वेळ मिळाला नाही.

टॅमला विचार की तिला खेळ बंद करायचाय का. मी विचारलं. ती म्हणाली, "आता? मुलीला छकड्यात सोडून?"

पण तुला एक सांगायला हवं. गोष्टीत नदीला पूर आलाय. सराईतल्या लोकांनी त्या मुलीला आईच्या हरलेल्या पैजेपोटी छकड्यालाच साखळीने बांधून ठेवलं आहे, आणि पाणी चढतंय. पुढच्या बैठकीत नेटलला तिथे पोचायचं आहे. गेल्या रविवारी सामान आवरताना टॅम फासा मुठीत धरून म्हणाली, "मी ठरवलंय. नेटलने मुलीला बाहेर काढलं तर मी कराथाला जाणार. नाही काढलं तर इथेच."

गॅव्ह म्हणाला, "वेडी आहेस का? असं ठरवतात होय?"

"मग कसं ठरवू? दोघींपैकी कुणाचंही नाव घेतलं तरी एक जण रडणार. फासा पडला तर कुणाचाच दोष नाही."

मी तिला समजावलं. खरंच समजावलं, गॅव्ह साक्षीला आहे. म्हटलं, राणी, असल्या गोष्टी नशिबावर सोडायच्या नसतात, तुझ्या आईने तेच केलं. ती म्हणाली, "तूच म्हणालीस ना, फासा खोटं बोलत नाही?"

मी कॅलेंडर काढलं.

सगळ्यांना जमेल असा रविवार थेट डिसेंबरातला निघाला. तोवर तुला काही म्हणायचं असेल तर कळव.

केरिन


७ डिसेंबर

ब्रायडी,

आज झालं. टॅमने तुला फोन केलाच असेल. ती बोलत होती तेव्हा मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते, त्यामुळे काही ऐकलं नाही. "फासा पडला नाही गं, आई," एवढंच कानावर आलं.

तरी तुला नीट कळावं म्हणून लिहिते.

आता उन्हाळा, खूप उकडत होतं. डिमीने सासूला शेजारणीकडे ठेवलं होतं. गॅव्ह चक्क नवा शर्ट घालून आला होता. तू टॅमला नंतर पाठवलेलं दुसरं कार्ड तिने कागदाशेजारी उभं केलं, "काळजी करू नकोस, फाशांनी मला कधी दगा दिला नाही" असं लिहिलेलं. सगळ्यांनी ते वाचलं.

नेटल नदीत उतरली. पाणी कमरेला लागलं. घोडे बिथरले होते. मी म्हटलं, दोर कापलास तर घोड्यावर बसून तू एकटी पार होऊ शकतेस. टॅम म्हणाली, "मी दोर कापते. घोडे सोडून देते. मी मुलीपाशी जाते." मुलीने विचारलं, तू कोण? टॅम म्हणाली, "तुझ्या आईच्या ओळखीची."

मग तिने कुलपाला हात घातला. आणि मी आडोशामागे हिरवा फासा टाकला.

तो घरंगळत पुठ्ठ्याला लागला आणि थांबला. मी पाहिलं. गॅव्हच्या नाकाचा आवाज येत होता.

"एक," मी म्हटलं.

एक म्हणजे सगळ्यात वाईट, त्याखाली आकडाच नाही. कुलूप अडकलं, हत्यार आतच तुटलं, लोंढा आला आणि नेटलला घेऊन गेला. मुलगी वाचली. सराईची म्हातारी मालकीण दोरखंड घेऊन धावली, ती माझ्याकडचं पात्र, तिने छकडाच काठाला ओढून घेतला. मुलीला मी मरू दिलं नसतं, हे तुला माहीतच आहे.

डिमी म्हणाली, "फासा पुन्हा टाक. अजून एकदा टाक, कोण बघतंय?" टॅमनेच नको म्हटलं. आपल्याकडे मेलेल्या पात्राचा कागद ज्याचा त्याने फाडायचा असतो. तिने फाडला. अगदी सरळ, घडीवर.

"घोड्यांचं काय झालं?" तिने विचारलं.

"सुटले," मी म्हटलं.

रात्री तिने नीट जेवण केलं. वाढदिवसाला तिला निळी सायकल हवी आहे.

केरिन


१९ डिसेंबर

ब्रायडी,

तुझं पत्र आज आलं. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, वकील लावशील. तू लिहिलंस, "तुझा दोष नाही, केझ. मी उगाच तुझ्यावर संशय घेतला. माझंच नशीब आता संपलं असेल. तिला सांभाळलंस, सांभाळत राहा." दोन ठिकाणी शाई पसरली आहे.

हे वाचून मला राहवेना. तुला नशिबाला बोल लावताना पाहणं मला कधीच जमलं नाही.

तू बारा वर्षांची होतीस तेव्हा नेटल पहिल्याच डावात मेली असती. तीन पडले होते. तू रडवेली झालीस आणि आई दारातून म्हणाली, सांभाळून घे गं तिला, लहान आहे. मी म्हटलं, अठरा. त्यानंतर दर रविवारी तेच. तुला दोन पडायचे, मी सतरा सांगायची. तुला चार, मी एकोणीस. तू टाळ्या पिटायचीस, गॅव्ह म्हणायचा, ही पोरगी जन्मालाच नशीब घेऊन आलीय. फासे तुला नेहमीच वाईट पडायचे, ब्रायडी. तुझं नशीब म्हणजे आडोशामागे बसलेली मी होते. तू घर सोडून गेलीस, त्या मशीनांसमोर जाऊन बसलीस, आणि तिथे आडोशामागे मी नव्हते.

आणि त्या रविवारी, तुझा हिरवा फासा थांबला तेव्हा वरती वीस होते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुला खरोखरचं काही पडलं होतं.

टॅमला हे सांगायचं असेल तर जरूर सांग. ती माझ्याकडे येऊन विचारेल. मी तिला जवळ घेईन आणि म्हणेन, हरलं की आई असंच बोलते, तू मनावर घेऊ नकोस.

पलंगाची खोकी अजून उघडली नाहीस ना? तशीच असू दे. न उघडलेला माल दुकानवाले परत घेतात.

तुझी,
केरिन